घोड्यासोबतचे मनोपचार: कधी जायचं, काय विचारायचं, रिंगणात काय करायचं

"मग घोड्यावर बसवतात का गं?" हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला गेलाय की आता मी उत्तर आधीच देऊन टाकते. नाही बसवत. मनासाठी घोड्यासोबत जे काम चालतं ते बहुतेक जमिनीवर उभं राहूनच चालतं. घोडा मोकळा, आपण मोकळे, मध्ये फार तर एक दोर. वारीतलं रिंगण ज्यांनी पाहिलंय त्यांना हे सांगणं सोपं जातं. तिथं दोन अश्व धावतात. एकावर स्वार असतो, दुसऱ्यावर कुणीच बसत नाही, तो माउलींचा. आणि सगळ्यांचे डोळे त्या रिकाम्या पाठीच्या घोड्याकडे लागलेले असतात.

वडील गेल्यानंतरच्या वर्षी मला रात्री छाती धडधडून जाग यायची. औषधं सुरू होती, समुपदेशनही सुरू होतं, पण खुर्चीत बसून बोलायचं म्हटलं की माझं घोडं तिथंच पेंड खायचं. डॉक्टरांनीच हा मार्ग सुचवला. पुढे त्याच ठिकाणी दोन वर्षं मी मदतनीस म्हणून रिंगणाच्या कडेला उभी राहिले. खालचं सगळं त्या दोन्ही बाजूंनी पाहिलेलं आहे.

आधी गल्लत सोडवू

बाहेरून पाहिलं की घोडा आणि माणूस एवढंच दिसतं, म्हणून तीन वेगळ्या गोष्टी एकाच नावानं खपतात. हिप्पोथेरपी हे फिजिओथेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट किंवा स्पीच थेरपिस्टचं काम आहे. घोडा चालू लागला की पाठीवर बसलेल्याची कंबर जवळजवळ माणूस चालताना हलते तशी हलते, आणि सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांसाठी त्या हालचालीचा उपयोग करून घेतात. दुसरी गोष्ट म्हणजे अपंगत्व असलेल्यांना घोडेस्वारी शिकवणं. डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांना १९४४ साली पोलिओ झाला आणि गुडघ्याखालचे पाय निकामी झाले. घोड्यावर चढायला-उतरायलाही त्यांना आधार लागायचा. तरीही १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी ड्रेसाजचं, म्हणजे घोड्याकडून ठरलेल्या नेमक्या चाली करून घेण्याच्या स्पर्धेचं, रौप्यपदक मिळवलं. त्यांचं पाहून युरोपात या कामाला जोर आला, आणि ब्रिटनमध्ये व अमेरिकेत १९६९ साली त्यासाठी राष्ट्रीय पातळीवरच्या संस्था उभ्या राहिल्या.

तिसरी गोष्ट आपली, म्हणजे मनोपचारांची. इथं घोड्याच्या चालीचं काम नसतं, घोड्याच्या वागण्याचं असतं. १९९९ साली अमेरिकेत 'ईगाला' ही संस्था निघाली. तिच्या पद्धतीत रिंगणात एक मानसोपचार करणारी व्यक्ती असते, एक घोड्यांची जाण असलेली व्यक्ती असते, घोडा असतो आणि आपण असतो. स्वारी नसते. इतर पद्धतींत थोडंफार स्वारीचं अंग असू शकतं, पण त्या दोन माणसांशिवाय हे उपचार होत नाहीत, एवढं पक्कं धरून चाला.

घोडाच का?

घोडा हे शिकार होणारं जनावर आहे. धोका ओळखायचा आणि पळायचं, याच्यावर त्याची जात टिकली. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ ३५० अंशांतलं दिसतं. फक्त कपाळाच्या अगदी समोर आणि बरोबर पाठीमागे दिसत नाही. कान दोन्ही बाजूंना वेगवेगळे फिरतात. तुम्ही श्वास कोंडला, खांदे वर ओढले, पाऊल आपटत टाकलं, तर त्याची दखल तो घेतो. ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ साली २८ घोड्यांना माणसांच्या रागावलेल्या आणि हसऱ्या चेहऱ्यांची छायाचित्रं दाखवली. रागावलेला चेहरा घोडे डाव्या डोळ्यानं जास्त पाहत होते आणि त्यांच्या हृदयाचे ठोके लवकर वाढत होते.

पण म्हणून 'घोड्याला मन वाचता येतं' असं सांगणाऱ्यापासून दोन हात लांबच राहा. घोडा तुमचं शरीर पाहतो. त्याचा अर्थ लावायचं काम तुमचं आणि उपचार करणाऱ्या माणसाचं. हा फरक मला कसा कळला ते पुढे सांगते.

आता, याचा उपयोग होतो याला पुरावा काय? कोलंबिया विद्यापीठाच्या 'मॅन ओ वॉर' प्रकल्पात ६३ माजी सैनिकांना आघातोत्तर तणावासाठी आठवड्यातून एकदा ९० मिनिटं, असे ८ आठवडे हे उपचार दिले गेले. २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. उपचार संपून तीन महिने झाल्यावर निम्म्यांहून थोड्या जास्त लोकांमध्ये लक्षणीय सुधारणा दिसत होती. मात्र तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. त्याआधी, २०१४ साली, उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेणाऱ्या एका लेखात मानसशास्त्रज्ञांनी स्पष्ट लिहिलं होतं की बहुतेक अभ्यासांची पद्धत कच्ची आहे. माझं मत असं की हे जोडीचे उपचार म्हणून घ्यावेत. औषध बंद करून घोड्याकडे जाणं म्हणजे शुद्ध वेडेपणा.

पायरी १: आपण जावं का, हे डॉक्टरांसोबत ठरवा

चिंता, पॅनिक, आघाताचे परिणाम, शोक, बोलण्याच्या समुपदेशनात अडकून बसणं, किशोरवयीन मुलांचं तुटक वागणं, अशा वेळी याचा विचार करता येतो. उन्माद चढलेला असताना, भास-भ्रमांचा जोर असताना, फिट नियंत्रणात नसताना किंवा जनावरांना इजा करण्याची सवय असताना हे करू नये. दम्याचा त्रास किंवा घोड्याच्या केसांची, गवताच्या धुळीची अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगा. गरोदरपणातही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. लिथियम घेत असाल तर उन्हात घाम जाऊन शरीरातलं पाणी कमी झालं की रक्तातलं लिथियम वाढू शकतं. त्यामुळे एप्रिल-मेमध्ये सकाळी सातची वेळ घ्या, पाण्याची बाटली कुंपणाला अडकवा. गुंगी आणणारी औषधं असतील तर पाचशे किलोच्या जनावराजवळ जाण्याआधी मात्रेची वेळ डॉक्टरांशी बोलून ठरवा.

आणि जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील तर घोड्याची वाट पाहू नका. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास सुरू असतो, मराठीतही बोलता येतं.

पायरी २: जागा पारखा

इथं मी स्वतः फसले. पहिल्यांदा गेले त्या ठिकाणी फाटकावर मोठ्या अक्षरात 'थेरपी' लिहिलेलं होतं. नाव-गाव विचारलं, पैसे घेतले, खोगीर चढवलं, मला वर बसवलं आणि मैदानाला तीन चकरा मारून आणल्या. "कसं वाटतंय, ताई? मोकळं वाटलं ना?" वाटलं की, वारा छान होता. पण लहानपणी माथेरानला बसले होते तेव्हाही असंच वाटलं होतं.

म्हणून पैसे भरण्याआधी फोनवरच पहिला प्रश्न हा विचारा: रिंगणात मानसोपचार करणारी व्यक्ती कोण असेल, आणि तिचं शिक्षण काय? क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक असायला हवा. घोडेस्वारीचा प्रशिक्षक कितीही पट्टीचा असला तरी तो ही जागा भरून काढू शकत नाही. याच्या उलटही खरं. शहाण्या मानसशास्त्रज्ञाला घोड्याचे कान मागे गेलेले कळले नाहीत तर तुमच्या पायाचं हाड मोडू शकतं. दोन्ही माणसं हवीत. मग विचारा की तुमच्या डॉक्टरांशी ते बोलतील का, उद्दिष्ट लिहून ठेवतात का, घोडा बिथरला तर काय करतात, आणि कुंपणाबाहेर इतर लोक उभे राहून पाहतात का. शेवटचा प्रश्न फालतू वाटेल, पण रडू आलं तेव्हा शेजारच्या रिंगणातली शाळेची पोरं टकामका बघत होती, असं एका बाईंच्या बाबतीत माझ्यासमोर झालंय.

नंतर प्रत्यक्ष जा आणि माणसांच्या आधी घोडे बघा. बरगड्या मोजता येतात का? पाठीवर, तोंडाच्या कोपऱ्यांत जखमा आहेत का? पाण्याचं भांडं शेवाळलेलं आहे की स्वच्छ? सावली आहे का, दुसरा घोडा नजरेत आहे का? घोडा एकटा राहणारं जनावर नाही. दिवसातून किती जणांसोबत काम करतो आणि सुट्टी कधी असते ते घोड्यांची देखभाल करणाऱ्या मोतद्दाराला विचारा, मालकाला नको. ग्लँडर्स नावाचा रोग घोड्यापासून माणसाला होऊ शकतो, त्यामुळे त्याच्या तपासणीचा अहवाल मागण्यात काही वावगं नाही. देशात या तपासणीचं मोठं काम हिसारचं राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र करतं. जिथे घोड्याचे हाल असतात तिथे तुम्ही बरं होणार, ही कल्पनाच मला पटत नाही.

पायरी ३: कपडे, बूट आणि टिटॅनस

टाच असलेले, बोटं झाकणारे बूट घाला. चप्पल, सँडल नको. टाप पायावर पडली की काय होतं ते पाहायची वेळ येऊ नये. ओढणी, लोंबते कानातले, उग्र अत्तर घरी ठेवा. केस बांधा. तबेल्याची माती म्हणजे धनुर्वाताच्या जंतूंचं माहेरघर, त्यामुळे टिटॅनसचं इंजेक्शन कधी घेतलं ते आठवत नसेल तर घेऊन टाका. हेल्मेट मागितलं तर देतात, लाज वाटून घेऊ नका.

पायरी ४: पहिली भेट

पहिल्या दिवशी बहुतेक वेळ सुरक्षेत जातो आणि तो जायलाच हवा. घोड्याच्या खांद्याच्या बाजूनं, थोडं तिरकं, आवाज देत जायचं. मागून कधीच नाही. मागून पलीकडे जायचंच असेल तर एक तर त्याच्या पुठ्ठ्यावर हात ठेवून अगदी अंगाला लागून जायचं, नाही तर चांगलं दहा-बारा फूट लांबून. दोर हाताला गुंडाळायचा नाही. घोडा उधळला तर बोटं सोबत जातील. दोराच्या घड्या मुठीत धरायच्या.

मग कान बघायला शिकायचं. सारंगखेड्याच्या यात्रेत मारवाडी-काठेवाडी घोड्याचे टोकाला टोक भिडणारे कान बघून जात सांगणारे लोक भेटतील. आपल्याला जात सांगायची नाही, कान कुठे वळलेत एवढंच सांगायचंय. पुढे वळलेले असतील तर लक्ष तिकडे आहे. बाजूला सैल लोंबत असतील, एक मागचा पाय टेकवलेला असेल, खालचा ओठ ढिला असेल तर गडी निवांत आहे. मागे मानेला चिकटले, शेपटी सटासट हलू लागली, डोळ्याचा पांढरा भाग दिसू लागला, की थांबायचं आणि मागे यायचं.

आता मैनाची गोष्ट. मैना सतरा वर्षांची कुमैत, म्हणजे तांबूस रंगाची, घोडी, कपाळावर पुसट चांदणी. स्वारीतून निवृत्त झालेली. पहिल्याच दिवशी मानसोपचार करणाऱ्या मॅडमनी मला सांगितलं, "तिच्याजवळ जा, तुम्हाला जमेल तितकंच. काही करायचं नाही." मी दहा पावलांवर थांबले. मैना गवत ओढत होती. पाच मिनिटं, दहा मिनिटं. तिनं मान वर केली नाही. माझ्या पोटात गोळा आला. मग ती एकदम वळली आणि रिंगणाच्या दुसऱ्या टोकाला निघून गेली, आणि मला धाय मोकलून रडू आलं. मी म्हटलं, "बघा, तिलाही माझ्याजवळ थांबायचं नव्हतं."

मॅडम काही बोलल्या नाहीत. मोतद्दारमामा कुंपणापाशी होते, ते हळूच म्हणाले, "ताई, साडेपाच वाजले. तिकडं भरड्याची बादली वाजली न्हवं का."

मला हसू आलं, रडता रडताच. मॅडमनी तेव्हा विचारलं, "बादली वाजली हे तुम्हाला ऐकू आलं नव्हतं?" आलं नव्हतं. आणि त्या एका प्रश्नावर पुढचे तीन आठवडे आम्ही काम केलं. कुणी उठून गेलं की ते माझ्यामुळेच गेलं, असं मी किती जणांच्या बाबतीत धरून चालले होते, दवाखान्यात वडिलांच्या बाबतीतसुद्धा, ते हळूहळू बाहेर आलं. चांगला उपचार करणारा तुम्हाला 'मैनाला तुमचं दुःख कळलं' असं सांगत नाही. तो विचारतो, "आत्ता काय झालं?" आणि मग, "तुम्हाला काय वाटलं?" हे दोन प्रश्न वेगळे आहेत हे कळायलाच मला महिना लागला.

पायरी ५: पुढचे आठवडे

साधारण ८ ते १२ भेटी धरा, आठवड्याला एक. त्याहून कमीत निकाल सांगणारा किंवा वर्षभराचे पैसे आगाऊ मागणारा, दोघेही मला संशयास्पद वाटतात.

दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत बहुधा खरारा येतो. दिसायला हे नोकराचं काम, पण मला विचाराल तर निम्मे उपचार इथेच आहेत. आधी रबरी खरारा मानेपासून गोल गोल फिरवायचा, म्हणजे धूळ आणि सुटलेले केस वर येतात. मग केसांच्या दिशेनं ब्रश. हाडं वर आली आहेत तिथे, म्हणजे पाय आणि तोंडावर, हात हलका ठेवायचा. दुसरा हात कायम घोड्याच्या अंगावर टेकलेला हवा, म्हणजे त्याला तुम्ही कुठे आहात ते कळतं आणि तुम्हाला त्याचं अंग कधी आक्रसतं ते कळतं. निवांत घोड्याचे ठोके मिनिटाला २८ ते ४४ असतात आणि श्वास ८ ते १६. पुढच्या पायाच्या कोपराच्या मागे तळवा टेकवून मोजून बघा. आकडे मोजता मोजता आपला श्वास लांबतो. पॅनिक आलेल्या माणसाला 'दीर्घ श्वास घ्या' सांगितलं की तो चिडतो, मी तरी चिडायचे. 'तिचा श्वास मोज' म्हटलं की मोजतो.

खरारा करताना बोलणंही सोपं जातं, कारण समोरासमोर बसून डोळ्यांत बघायचं नसतं. हात कामात, तोंड घोडीकडे, आणि शब्द आपोआप निघतात. आपल्याकडे बायका गहू निवडताना जे बोलतात ते एरवी कुठे बोलतात?

त्यानंतर मोरकीला, म्हणजे तोंडावर बांधलेल्या दोरीला, दोर लावून घोड्याला चालवणं. पुढे उभं राहून त्याच्या तोंडाकडे बघत ओढलंत तर तो हटून बसतो. खांद्याशी उभं राहायचं, जायचं तिकडे बघायचं आणि चालायला लागायचं. मग रिंगणात खांब, पिंपं, जमिनीवर ठेवलेल्या काठ्या येतात. त्यांची नावं तुम्हीच ठेवायची. एका मुलानं तीन पिंपांना 'दहावी', 'पप्पा' आणि 'मोबाइल' अशी नावं ठेवली आणि घोडा घेऊन 'पप्पा'च्या जवळून सोडून सगळीकडून गेला. कुणी त्याला 'पप्पांच्या जवळून जा' म्हणालं नाही. पाचव्या आठवड्यात तो आपण होऊन गेला, आणि तिथे घोडा थांबून लीद टाकू लागला तेव्हा पोरगं खो खो हसत सुटलं.

एखाद्या दिवशी काहीच होणार नाही. घोडा कोपऱ्यात उभा, तुम्ही दुसऱ्या कोपऱ्यात, वर ऊन. तो दिवसही वहीत लिहा.

पायरी ६: वही ठेवा

प्रत्येक भेटीनंतर घरी पोचण्याआधीच तीन ओळी लिहा: घोड्यानं काय केलं, माझ्या शरीरात कुठे काय झालं, आणि या आठवड्यात असं आणखी कुठे होतं. तिसरी ओळ सगळ्यात अवघड आणि सगळ्यात कामाची. माझ्या वहीत एका मंगळवारी लिहिलंय: 'दोर ताणला, जबडा आवळला. ऑफिसात साहेबांनी फाइल मागितली तेव्हाही.'

मोजमापही हवं, नाहीतर बरं वाटतंय की नुसतं बाहेर पडल्यामुळे वाटतंय हे कळत नाही. नैराश्यासाठी पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली असते, गुण ० ते २७. चिंतेसाठी जीएडी-७, गुण ० ते २१. सुरुवातीला, चौथ्या आठवड्यात आणि शेवटी डॉक्टरांसोबत बसून भरा. चौथ्या आठवड्यालाही आकडा हलला नसेल तर तसं स्पष्ट बोला. काही जणांना हे लागू पडत नाही. त्यात त्यांचं चुकत नाही आणि घोड्याचंही नाही.

कधी थांबायचं

तुमच्या परवानगीशिवाय कुणी हात लावला, घोड्याला चाबकानं मारलं, 'डॉक्टरांच्या गोळ्या सोडा' असं सांगितलं, किंवा तुम्ही नको म्हटल्यावरही जवळ जायला ढकललं, तर त्याच दिवशी थांबा. भेटीनंतर दोन-तीन रात्री सलग झोप उडाली तर थांबायची गरज नाही, पण पुढच्या भेटीआधी डॉक्टरांना कळवा.

जवळपास केंद्र नसेल तर

महाराष्ट्रात अजून हे विरळच आहे. मोठ्या शहरांबाहेर तर शोधावंच लागतं. त्यावर उपाय म्हणून महाबळेश्वरच्या भाड्याच्या घोड्यासोबत स्वतःच प्रयोग करू नका. तो बिचारा आधीच दिवसभर राबलेला असतो. घरी गाय-म्हैस असेल तर रोज वीस मिनिटं तिला खरारा करा, श्वास मोजा, आणि वरच्या तीन ओळी लिहा. हे उपचार नव्हेत. पण समुपदेशकाकडे बोलायला जाताना हातात वही असेल.

शेवटची भेट

निरोप आधीच ठरवा. शेवटून दुसऱ्या भेटीतच मॅडम सांगतात की पुढच्या वेळी शेवटचं. शोकासाठी आलेल्या माणसाला हे फार लागतं, म्हणूनच ते अचानक संपवायचं नसतं. मी मैनाला गाजर घेऊन गेले होते. मामांनी हातातून द्यायला मनाई केली, बादलीत टाकायला सांगितलं, हाताला चावायची सवय लागते म्हणून. मी टाकलं. बादली वाजली, आणि रिंगणाच्या दुसऱ्या टोकाकडून मैना आली.